मौन कोणाचे? ख्रिस्ती मूकाभिनयाविषयी

धर्मप्रसार म्हटला की प्रवचन, पुस्तिका आणि भजन आठवते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळ्यांनी मात्र मूकाभिनय हाती घेतला. चेहऱ्याला पांढरा रंग फासायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि येशूची कथा केवळ देहाने सांगायची. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आजा-पणजांना चावडीपुढे तोंड उघडण्याची सोय नव्हती. म्हणून हा इतिहास वाचताना मला पडणारा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. हे मौन कोणी स्वतः निवडले आणि कोणावर ते लादले गेले, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम रोमकडे पाहावे लागेल. तिथे ‘माइम’ म्हणजे लोकांना आवडणारी उघडीवाघडी नाटुकली. तीत संवादही असत. शब्दांवाचून कथा नाचून दाखवणारा तो ‘पँटोमाइम’. प्रेक्षक दोघांवर लुब्ध होते, पण रोमन कायद्याने रंगमंचावरच्या नटाला कलंकित ठरवले होते. इ.स. २०० च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने अशा खेळांवर कठोर ग्रंथ लिहिला. चौथ्या शतकात तर हलक्या कुळात जन्मलेल्या नटींना रंगमंच सोडण्याचीही मुभा नव्हती. ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर सुटका, असा कायदा ३८० मध्ये झाला. सुटलेली स्त्री पुन्हा ‘निर्लज्ज’ जगू लागली तर तिला ओढून रंगमंचावर आणावे, असे लगेच ३८१ मध्ये ठरले.

जन्माने धंदा, धंद्याने कलंक, आणि वर त्याच धंद्याची समाजाला चटक! हे आपल्याला नवे नाही. गावाला तमाशा हवा असतो. तमाशातल्या बाईचे बिऱ्हाड शेजारी नको असते. धर्मांतराने रोमन नटीला दार उघडले हे खरे, पण त्या दाराची किल्ली तिच्या हाती नव्हती.

ज्या नटाला असे हलके लेखले गेले, त्याच्याच वेषात पुढे ख्रिस्त अवतरला. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात प्रोटेस्टंट मंडपात ‘पॅरेबल’ हा २२ मिनिटांचा चित्रपट दाखवला गेला. दिग्दर्शक रॉल्फ फोर्सबर्ग. यातील पात्रांना संवाद नाहीत. पांढऱ्या चेहऱ्याचा एक विदूषक गाढवावर बसून सर्कशीमागून येतो. हत्तींना पाणी वाहणाऱ्याचे ओझे तो स्वतः उचलतो. चेंडू मारण्याच्या खेळात लक्ष्य म्हणून बसवलेल्या कृष्णवर्णीय माणसाला उठवून त्याच्या जागी बसतो. माणसांच्या कठपुतळ्या करून नाचवणाऱ्याच्या तंबूत शिरून तो त्यांना सोडवतो आणि शेवटी त्यांच्याच दोरांत मारला जातो. प्रदर्शनाचे अध्यक्ष रॉबर्ट मोझेस यांना हा चित्रपट नको होता. येशू विदूषक कसा, म्हणून अनेक भाविकही संतापले. आयोजकांनी तो मागे घेतला नाही, हे त्यांचे धैर्य मानले पाहिजे.

पण त्याच मैदानात आणखी एक घटना घडली. २२ एप्रिल १९६४ रोजी, उद्घाटनाच्या दिवशी, ‘कोअर’ या नागरी हक्क संघटनेचे नेते जेम्स फार्मर आणि त्यांचे सहकारी तिथे निदर्शने करीत होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे भाषण चालू असता त्यांनी घोषणा दिल्या. सुमारे ३०० जणांना अटक झाली. मंडपात पडद्यावरचा कृष्णवर्णीय माणूस मुका होता. बाहेर तोच माणूस ओरडत होता. विदूषकाने त्याचा मार स्वतःवर घेतला, पण त्याला बोलू दिले नाही. २ जुलैला नागरी हक्क कायद्यावर सही झाली ती बाहेरच्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर.

पुढे १९७० च्या दशकात फ्लॉइड शॅफर या लुथरन धर्मोपदेशकासारख्यांनी विदूषक आणि मूकाभिनय थेट उपासनेत आणले. पांढरा रंग म्हणजे मरण, त्यावरचे रंग म्हणजे नवे जीवन, असा अर्थ त्यात सांगितला जाई. अर्थ सुंदर आहे. तरी खेळ संपल्यावर रंग पुसला की गोरा नट पुन्हा गोरा नागरिक होतो. कृष्णवर्णीयाला कातडी पुसता येत नाही, आपल्याला जात पुसता येत नाही.

शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येच ‘गॉस्पेल माइम’ रुजला. कार्ल आणि कीथ एडमंड्स या जुळ्या भावांचे ‘के अँड के माइम’ त्यात अग्रणी. इथे नट मुका असतो, पण त्याच्यामागे त्याच्याच समाजाचे गाणे घुमत असते. त्या गाण्यालाच तो देहाने उत्तर देतो. हे मौन उसन्या सहानुभूतीचे नाही, म्हणून मला ते अधिक खरे वाटते.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले. मुक्यांचे मुकेपण संपवण्यासाठी ते पत्र होते. आपल्या पथनाट्यांना आणि जलशांनाही तीच कसोटी लावावी लागेल. आपले दुःख रंगमंचावर कोणीही दाखवावे, त्यात आपले काही जात नाही. पण खेळ संपल्यावर बोलायला कोण उभे राहते, हे आपण पाहिले पाहिजे.