नाओकी : मराठवाड्यात पडलेला लघुग्रहाचा तुकडा

29 सप्टेंबर 1928 रोजी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या मराठवाडी मुलखात आकाशातून दगड पडला. अशनींच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तो 'नाओकी' या नावाने नोंदलेला आहे. नोंदीतले अक्षांश-रेखांश नांदेडच्या पश्चिमेकडे येतात, वजन सुमारे 17 किलो.

या भागात अशनी ओळखणे सोपे नाही. नांदेड-लातूरकडची जमीन बरीचशी काळ्या बेसाल्टची. तोही जड असतो आणि लोहचुंबकाला थोडाफार ओढला जातो. मात्र बेसाल्टात पुष्कळदा वायूच्या पोकळ्या दिसतात, तशा दगडी अशनीत सहसा नसतात. उलट हवेतून येताना त्याचा पृष्ठभाग वितळून पातळ काळी साल चढते, आणि दगड घासला की आत लोह-निकेलचे कण चमकतात. दगड पडताना कोणी पाहिला नाही, तर तो शेताच्या बांधावरच पडून राहायचा.

नाओकीचा वर्ग 'एच 6'. 'एच' म्हणजे लोहाचे प्रमाण जास्त. 6 हा आकडा सांगतो, की मूळ पिंडाच्या पोटातल्या उष्णतेत हा दगड चांगलाच भाजला गेला होता. तो पिंड कोणता, यावर मत बदलत गेले. 1847 मध्ये कार्ल हेंके या जर्मन हौशी निरीक्षकाने शोधलेला हेबी हा दगडी लघुग्रह लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आतल्या भागात फिरतो. त्याच्या जवळच्या कक्षांतले तुकडे गुरूच्या ओढीने पृथ्वीच्या वाटेवर येऊ शकतात. म्हणून 1998 मध्ये एच वर्गाच्या अशनींचे माहेर हेबी असावे, असे मांडले गेले. 2024 च्या संशोधनाने मात्र त्यांतल्या बहुतेकांचे मूळ आणखी बाहेर, कोरोनिस या लघुग्रहांच्या कुळातल्या टकरींत दाखवले. त्यांतली कॅरिन कुळाची टक्कर अवघी 58 लाख वर्षांपूर्वीची. दगडी लघुग्रह आणि असे अशनी यांचे नाते तोवर पक्के झालेच होते : जपानच्या 'हायाबुसा' यानाने 2010 मध्ये इटोकावा या लघुग्रहावरून आणलेली धूळ साध्या दगडी अशनींशी जुळली.

मराठवाड्यात अशनीचा विषय निघाला, की बोलणे शेजारच्या बुलढाण्यातल्या लोणारवर जाते. ते स्वाभाविक आहे, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर नजरेत भरते. पण ते विवर पाडणारा पिंड आघातातच जवळजवळ नाहीसा झाला, त्याच्या खुणा खडकांत सूक्ष्म रासायनिक अंशांतूनच शोधाव्या लागतात. नाओकीचा प्रत्यक्ष दगड हाती लागला, म्हणून अभ्यासकाला तो अधिक मोलाचा.