कच्चा दुवा

क्रिकेटची मॅच सुरू व्हायच्या आधी हल्ली टीव्हीवर एक कार्यक्रम ठरलेला असतो. टाय घातलेले दोन-तीन माजी खेळाडू, मागे मोठा स्क्रीन, आणि त्यावर लाल-निळे ठिपके. ह्याला ऑफस्टंपच्या बाहेर टाका, त्याला आखूड टाका, तिसऱ्याला लेगस्पिन कळत नाही. भारतीय संघासोबत लॅपटॉपवाला विश्लेषक दिसायला लागला तो साधारण जॉन राईट कोच असताना, म्हणजे २००० ते २००५ च्या काळात. त्यामुळे आपल्या पिढीचा असा समज झालाय की समोरच्या टीमचा अभ्यास ही कॉम्प्युटर आल्यावरची गोष्ट. तसं अजिबात नाही. डोळे, वही आणि स्मरणशक्ती एवढ्यावर हे काम आधीही व्हायचं, आणि कधीकधी फारच भारी व्हायचं.

त्यातल्या दोन गोष्टी आज सांगायच्या आहेत. एकीत समोरच्यांनी आपला कच्चा दुवा हेरला. दुसरीत आपण त्यांचा. दोन्हीकडे एक माणूस समान आहे, आणि तो सोलापूरचा आहे!

पहलान रतनजी उम्रीगर, म्हणजे पॉली उम्रीगर. जन्म २८ मार्च १९२६, सोलापूर. घर पारशी, वडिलांचा कापडाचा व्यवसाय. त्या काळचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव, तेव्हा कापडवाल्या पारशाचं घर इथे असण्यात नवल नाही. पॉली शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला गेलं. पुढे सेंट झेवियर्स कॉलेज, १९४४ साली पेंटँग्युलरमध्ये पारशांकडून खेळणं वगैरे सगळं मुंबईत. म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याचा जन्मही मुंबईचाच छापलेला सापडतो. आपल्या गावात चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा ह्यांच्याबद्दल तासभर बोलणारी मंडळी आहेत, पण उम्रीगर आपला हे सांगणारे फार कमी भेटतात. (खेळाडूंना एकेरीत बोलवायची आपली जुनी खोड आहे. ती इथेही चालवून घ्या.)

आता पहिली गोष्ट. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं. भारताचा हा पहिलावहिला कसोटी विजय. विनू मंकडचे एका डावात ५५ धावांत ८ बळी आणि उम्रीगरच्या नाबाद १३०. चारच महिन्यांनी संघ इंग्लंडला गेला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत पहिल्या डावात मांजरेकरने १३३ काढल्या, हजारेने ८९. सगळं बरं चाललं होतं. आणि मग दुसऱ्या डावात धावफलक लागला: शून्यावर चार बाद. एकही धाव न होता चार माणसं परत! त्यातले तीन बळी फ्रेड ट्रूमनचे होते. वय २१, पहिलीच कसोटी.

त्या मालिकेतल्या ४ कसोटींत ट्रूमनने २९ बळी घेतले. मँचेस्टरला तर भारत एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. ट्रूमनचे पहिल्या डावातले आकडे ३१ धावांत ८ बळी असे होते. आणि उम्रीगर? ७ डावांत मिळून ४३ धावा, सरासरी ६.१४. नुसत्या आकड्यांपेक्षा वाईट म्हणजे तो कसा बाद झाला ते. ट्रूमनचा चेंडू यायच्या आधीच तो लेगच्या बाजूला सरकायचा. जवळ उभा असलेला टोनी लॉक त्याला म्हणाला, जरा मागे हो बाबा, तू इथे उभा राहिलास की मला बोलर दिसत नाही, असा एक किस्सा सांगतात. किस्सा खरा असो वा रचलेला, तो टिकला. इंग्लंडच्या वहीत नोंद पक्की झाली: उम्रीगर, वेगाला घाबरतो.

ही नोंद खोटी नव्हती. तो सरकत होता, सगळ्यांनी पाहिलं होतं. पण आमच्या धंद्यात एक नियम असतो. बग सापडला असं नुसतं लिहून चालत नाही. कुठल्या व्हर्जनवर सापडला, कुठल्या मशीनवर, काय केल्यावर, हेही लिहावं लागतं. तसं न लिहिलेला रिपोर्ट डेव्हलपर परत पाठवतो, आणि बरोबर करतो.

तर ह्या नोंदीतलं मशीन कुठलं होतं? एक म्हणजे इंग्लंडच्या उघड्या खेळपट्ट्या. पाऊस पडला की त्या भिजायच्या आणि मग चेंडू काय करेल ह्याचा नेम नसायचा. दुसरं, हेल्मेट नावाची वस्तू क्रिकेटमध्ये रुळायला अजून पंचवीसेक वर्षं होती. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भारतातल्या फलंदाजांना खऱ्या वेगाची सवय लागणार तरी कुठे? अमरसिंग १९४० मध्येच वारला. मोहम्मद निसार फाळणीनंतर पाकिस्तानात राहिला. आपल्या खेळपट्ट्या संथ. नव्या चेंडूची लकाकी घालवायला दोन मध्यमगती गोलंदाज चार षटकं टाकणार, की लगेच फिरकी सुरू. जी गोष्ट नेटमध्ये कधी समोर आलीच नाही, ती एकदम लीड्सला ट्रूमनच्या हातून आली. म्हणजे हा दोष एकट्या उम्रीगरचा नव्हता, अख्ख्या घडणीचा होता. तो उठून दिसला उम्रीगरवर, इतकंच.

पुरावा हवा असेल तर त्याच दौऱ्याचे बाकीचे आकडे बघा. कसोट्या सोडून इतर सामन्यांत ह्याच उम्रीगरने ऑक्सफर्ड विद्यापीठ, लँकेशायर आणि केंट ह्यांच्याविरुद्ध द्विशतकं ठोकली. एकाच उन्हाळ्यात तीन! म्हणजे इंग्लंडची हवा, इंग्लंडची मैदानं, इंग्लिश गोलंदाज, हे सगळं त्याला जमत होतं. जमत नव्हता तो एकच माणूस.

आता दुसरी गोष्ट. १९५९ चा डिसेंबर. रिची बेनोचा ऑस्ट्रेलिया भारतात आला होता. इंग्लंडला ४-० धुऊन, वाटेत पाकिस्तानला २-० हरवून आलेली टीम. उलट भारत त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ५-० ने हरून आलेला. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत भारत एक डाव आणि १२७ धावांनी हरला. पुढची कसोटी कानपूरला होती. काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

निवड समितीचा अध्यक्ष होता लाला अमरनाथ. ग्रीन पार्कची खेळपट्टी नव्याने तयार केलेली होती. लालाने ती बघितली आणि हट्ट धरला की जसू पटेलला घ्यायचं. जसू पटेल हा अहमदाबादचा ऑफस्पिनर, वय ३५. लहानपणी झाडावरून पडून हाताला दुखापत झालेली, त्यामुळे चेंडू टाकताना हाताला एक विचित्र झटका बसायचा. अनेकांना हा हट्ट म्हातारचळ वाटला असेल. पण लालाच्या हिशोबात तीन गोष्टी होत्या असं दिसतं.

पहिली, ऑस्ट्रेलियाचा इतिहास. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये जिम लेकर ह्या ऑफस्पिनरने त्यांचे ४६ बळी घेतले होते, त्यातले १९ एकट्या मँचेस्टरच्या कसोटीत. त्या सामन्यात हार्वे आणि मॅके दोघांनीही दोन्ही डावांत भोपळा फोडला नव्हता. तिथून घरी जाताना ही टीम भारतात आली तेव्हा कलकत्त्याला आपल्या गुलाम अहमदने, म्हणजे पुन्हा ऑफस्पिनरनेच, ४९ धावांत ७ बळी घेतले. सामना आपण हरलो, कारण बेनोने आपले ११ काढले. पण नोंद राहिली. आणि हार्वे, मॅके, मॅकडोनाल्ड, बेनो ही मंडळी १९५९ मध्येही संघात होतीच.

दुसरी, खेळपट्टी. नवी, न बसलेली, चेंडू पकडून ठेवणारी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. ऑस्ट्रेलियाचा मुख्य गोलंदाज अॅलन डेव्हिडसन डावखुरा होता. डावखुरा वेगवान गोलंदाज ओव्हर द विकेट टाकतो तेव्हा त्याच्या बुटांनी खेळपट्टी जिथे उखडते, ती जागा पलीकडच्या टोकाकडून बघितली तर उजव्या फलंदाजाच्या ऑफस्टंपबाहेर येते. ऑफस्पिनरला ह्याहून चांगली जागा कोण देणार? म्हणजे त्यांच्या सर्वोत्तम गोलंदाजानेच आपल्या ऑफस्पिनरसाठी खड्डा खणून ठेवायचा होता. फक्त पटेलने बरोबर टोकाकडून टाकायला हवं.

भारत पहिल्या डावात १५२. डेव्हिडसनने ३१ धावांत ५ घेतले (आणि खड्डाही खणला). ऑस्ट्रेलियाची सुरुवात झकास झाली, ७१ ची सलामी झाली. सांगतात की जेवणाच्या सुट्टीत लालाने कर्णधार रामचंदला पटेलचं टोक बदलायला सांगितलं. १२८ वर दुसरा गडी पडला आणि २१९ वर सगळे घरी. जसू पटेल, ६९ धावांत ९ बळी. कुंबळेने १९९९ मध्ये दिल्लीला दहाच्या दहा घेईपर्यंत भारताकडून एका डावातली ही सर्वोत्तम कामगिरी होती.

दुसऱ्या डावात भारताने २९१ काढल्या, कॉन्ट्रॅक्टर ७४, केणी ५१. ऑस्ट्रेलियापुढे २२५ चं लक्ष्य. ते १०५ वर संपले. पटेल ५५ धावांत ५. आणि दुसऱ्या बाजूने २७ धावांत ४ बळी घेणारा ऑफस्पिनर कोण होता? आपला सोलापूरचा उम्रीगर. ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचा हा पहिला कसोटी विजय, ११९ धावांनी.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. त्याच वर्षी जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्ध मद्रास कसोटीच्या आदल्या रात्री उम्रीगरने कर्णधारपद सोडलं होतं. वाद निवडीचा होता. बोर्डाच्या अध्यक्षांना जसू पटेल हवा होता, उम्रीगरला फलंदाज मनोहर हार्डीकर. ज्या माणसावरून कर्णधारपद गेलं, त्याच माणसाच्या जोडीला अकरा महिन्यांनी कानपूरला गोलंदाजी करून ह्याने मॅच जिंकून दिली. आपल्याकडे एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये टाकलं तरी माणसं महिनाभर जेवायला वेगळ्या टेबलवर बसतात. असो.

आता गोष्ट कानपूरला संपवली तर ती 'लालाची हुशारी' एवढीच राहील. पण पुढे बघा. मुंबईच्या पुढच्याच कसोटीत हार्वेने १०२ काढल्या, ओनीलने १६३. मद्रासला मॅकेने ८९. मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ ने घेतली. ऑफस्पिनसमोर ढेपाळणारी हीच ती माणसं. मग कच्चा दुवा गेला कुठे? गेला नव्हता. तो हार्वेत किंवा मॅकेत नव्हताच मुळी. तो हार्वे, कानपूरची माती, डेव्हिडसनचे बूट आणि पटेलचा झटका ह्या सगळ्यांच्या मधे होता. त्यातलं एक काढलं की बग रिप्रोड्यूस होत नाही.

हेच उम्रीगरलाही लावून बघू. १९५३ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये त्याने मालिकेत ५६० धावा केल्या, दोन शतकं. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, भारताकडून पहिलं कसोटी द्विशतक. लोक म्हणायचे, ठीक आहे, पण ट्रूमन कुठे होता? १९५९ मध्ये मँचेस्टरला ट्रूमन होता, आणि उम्रीगरने ११८ केल्या. तेव्हा लोक म्हणाले, मालिका हातची गेल्यावर केल्या. शिक्का एकदा बसला की असंच होतं. प्रत्येक उत्तर अपुरं पडतं.

मग आला १९६२ चा वेस्ट इंडीज दौरा. समोर वेस हॉल. मार्चमध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, जीव वाचवायला रक्त द्यावं लागलं. रक्त देणाऱ्यांत वॉरेल होता, बोर्डे होता, नाडकर्णी होता, आणि उम्रीगरही होता. म्हणजे उसळता चेंडू माणसाचं काय करतो हे त्याने हॉस्पिटलात जवळून पाहिलं होतं. त्यानंतर एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्याने १०७ धावांत ५ बळी घेतले, पहिल्या डावात ५६ काढल्या, आणि फॉलोऑननंतर नाबाद १७२. पहिल्या डावात हॉलने २० धावांत ५ घेतले होते, त्याच खेळपट्टीवर. सामना आपण हरलो, मालिकाही ५-० ने गेली. पण ३६ वर्षांचा तो माणूस त्या दिवशी लेगला सरकला नाही.

त्याच वर्षी तो निवृत्त झाला. ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं, तिन्ही आकडे तेव्हा भारताकडून सर्वाधिक. २००६ मध्ये तो गेला. बोर्ड दरवर्षी सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय खेळाडूला जो पुरस्कार देतं तो त्याच्याच नावाचा आहे. तरी जुन्या लोकांपुढे नाव काढलं की पहिलं वाक्य ट्रूमनचंच येतं.

समोरच्याचा कच्चा दुवा शोधणं ह्यात काहीच वाईट नाही. लालाने शोधला म्हणून कानपूर झालं. फक्त त्या नोंदीवर तारीख लिहावी, ठिकाण लिहावं, हवामान लिहावं. ऑफिसात दरवर्षी अप्रेझलच्या वेळी आपणही एकमेकांबद्दल अशाच नोंदी करत असतो. हा प्रेशरमध्ये गडबडतो, तिला क्लायंटशी बोलता येत नाही. कुठल्या प्रोजेक्टवर, कुठल्या डेडलाइनला, शेजारी कोण होतं, हे कोणी लिहीत नाही. आणि मग तो माणूस दहा वर्षांनी हॉलसमोर १७२ मारतो, तेव्हा आपल्या वहीत अजून लीड्सच असतं.

सोलापूरकरांनो, पुढच्या वेळी कोणी ट्रूमनचा किस्सा सुरू केला तर शांतपणे ऐकून घ्या. संपला की फक्त विचारा, पोर्ट ऑफ स्पेन माहितीये का?