मुरमाची वाट आणि ती घडविणारे हात



बारामतीहून इंदापुरास जावयाचे तर आज दोन वाटा आहेत. एक पालखी महामार्गाची. रुंद, सरळ आणि मोटारीच्या सोयीची. दुसरी नीरा डाव्या कालव्याच्या काठाने व शिवारांतल्या पाणंदींतून जाणारी, मुरमाची. पहिल्या वाटेने तासाभरात काम होते, दुसऱ्या वाटेने सायकलीवर सबंध सकाळ मोडते. ही दुसरी वाट आजवर कालव्यावरच्या पाटकऱ्याची, दूध घालणाऱ्याची, मळ्यात खुरपणीला जाणाऱ्या बायाबापड्यांची होती. अलीकडे तिच्यावर जाड टायरच्या सायकली घेतलेली शहरांतली हौशी मंडळीही दिसू लागली आहेत. त्यांना डांबर नको, मुरूम हवा असतो. वाटेत जुनी देवळे, गढ्या, तळी हवी असतात आणि टेकडीच्या उतारावर द्राक्षाची बाग दिसली तर अधिकच बरे वाटते. असल्या प्रवासाला युरोपात मोठी मागणी आहे, आणि ती आपल्याकडेही वाढेल असे दिसते.

या मंडळींना नावे ठेवण्यासाठी मी उभा नाही. सायकल हे श्रमिकाचे वाहन. संघटनेच्या वर्गण्या गोळा करीत मीही याच वाटांवर तिचे पायडल मारले आहे. परंतु जी वाट पाहावयास माणसे दुरून येतात, ती वाट केली कोणी, हा प्रश्न आजच्या विषयाचा गाभा आहे. राजांची, सरदारांची नावे पाटीवर लिहिलेली सापडतात. मुरूम खणणाऱ्याचे, तो डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचे नाव कोठे लिहिलेले नसते. म्हणून त्यांचा इतिहास रस्त्यावरूनच वाचावा लागतो.

प्रथम हा मुलूख ध्यानात घ्या. सह्याद्री ओलांडून येणारे ढग येथे पोहोचेतो रिकामे होतात. नदीकाठ सोडला तर मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. मुरूम म्हणजे ऊनपावसाने कुजलेला हाच खडक होय. तो पसरून, पाणी मारून चोपला म्हणजे घट्ट बसतो, पाण्याचा निचरा करतो आणि चिखल धरीत नाही. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी आसापर्यंत रुतते. मुरमाच्या वाटेवर ती चालते. कष्टकऱ्यांच्या गावाला परवडणारा रस्ता हाच.

अशा या मुलखाला इतिहास मात्र भरपूर आहे. इंदापूर हे शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांच्या अखेरचे ठिकाण. बारामती ही मोरोपंतांची (१७२९-१७९४) कर्मभूमी. नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नरसिंहपूरचे देऊळ उभे आहे. या गोष्टी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. त्यामानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, मुंबई इलाख्याच्या शेतसाऱ्याची सारी पद्धत इंदापूर तालुक्यात जन्मली. इंग्रजी अंमल आल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने ठरविलेला सारा इतका जड झाला की शेते ओसाड पडून कुळे परागंदा झाली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे येथे आले. त्यांनी शेतन् शेत मोजून प्रत लावली आणि १८३६ पासून तीस वर्षांचा हलका सारा बांधून दिला. पुढे हीच पद्धत इलाखाभर गेली. आपल्या सातबाऱ्याची मुळे शोधू गेल्यास ती या मोजणीपर्यंत येऊन पोहोचतात.

त्याच सुमारास शेजारच्या टेंभुर्णीस गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने हलक्या बैलगाड्या घडविण्याचा कारखाना काढला. तोपर्यंत इकडच्या गाड्यांची चाके भरीव लाकडाची, कोठे कोठे दगडाचीही असत. असली गाडी ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि ती गावाच्या शिवेबाहेर क्वचितच जाई. चाक हलके झाले तसा माल बाजाराला जाऊ लागला आणि गाडीवाट ही गरज बनली. १८५८ साली पुण्याहून निघालेली आगगाडी भिगवणजवळच्या डिकसळला येऊन पोहोचली, तेव्हा या वाटांना आणखी महत्त्व आले.

पण रस्ता मालाबरोबर सावकारालाही घेऊन येतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाबरोबर सर्वच शेतमालाचे भाव चढले. तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ साली इंदापूरचा सारा फेरआकारणीत सुमारे दीडपट झाला. लवकरच भाव कोसळले, सारा मात्र तसाच राहिला. शेतकरी सावकाराच्या दारी गेला आणि त्याची जमीन खतांच्या कागदात अडकली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसे जमली आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला करून खते, वह्या जाळल्या. इतिहासात ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात त्यांची सुरुवात या आपल्या सुप्यात झाली. दंगेखोरांचा मुख्य रोख धनापेक्षा कागदावर होता, हे चौकशी मंडळानेही नमूद केले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

दंगे शमले आणि दुसऱ्याच वर्षी, १८७६ मध्ये, पावसाने दगा दिला. येथून आपल्या वाटेचा खरा इतिहास सुरू होतो. सरकारने दुष्काळी कामे काढली. इंदापूर तालुक्यातले भादलवाडीचे तळे आणि बारामती तालुक्यातले शिर्सुफळचे तळे या दुष्काळातल्या मजुरांच्या हातचे आहे. नीरा कालव्याच्या कामालाही याच दुष्काळाने हात मिळाले. आज पक्षी पाहण्यासाठी लोक भादलवाडीला जातात. झाडांवर घरटी करून बसलेले चित्रबलाक पाहून मन प्रसन्न होते. ज्या बांधावर आपण उभे राहतो त्यातली पाटी न् पाटी माती उपाशी माणसांनी वाहिली आहे, हेही तेथे उभे असताना आठवावे.

त्या माणसांना मजुरी काय मिळे? हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना काटकसरीसाठी पाठविले होते. त्यांच्या सल्ल्याने जानेवारी १८७७ पासून मजुरी खाली आणून दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे अर्धा शेर, आणि वर थोडे पैसे एवढ्यावर ठेवण्यात आली. दिवसभर खडी फोडणाऱ्याने अर्धा शेर धान्यावर जगावे असा तो हिशेब होता. त्यावर या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी काय केले? त्यांनी काम सोडले! दख्खनच्या जिल्ह्यांत एक लाखाहून अधिक माणसे कामांवरून उठून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, गावोगावची माहिती गोळा करून त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली.

कामगार चळवळीचा इतिहास सांगताना आपण १८७७ सालच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या संपाचे नाव घेतो. ते योग्यच आहे. पण त्याच वर्षी खडीच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या, संघटनेचे नावही न ऐकलेल्या शेतमजुरांनी त्याहून कितीतरी मोठा संप केला, हे पान आपल्या पुस्तकांतून निसटले आहे. त्यांना उपासमार ठाऊक होती आणि संप केला तर ती वाढेल हेही ठाऊक होते. तरी ते उठले. याला मी इतिहास म्हणतो.

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. भाटघरचे धरण त्यामागून झाले आणि १९२८ साली पूर्ण झालेल्या मोठ्या धरणाने त्याची जागा घेतली. कालव्याचे शास्त्र असे की पाण्याला अगदी थोडा उतार द्यावयाचा. म्हणून तो टेकड्यांच्या अंगाने, समपातळीची रेघ धरून, वळणे घेत जातो. त्याच्या काठची वाट म्हणूनच सपाट. सायकलीला दम लागत नाही तो या कारणाने. बारामतीहून सणसरकडे निघा. उजव्या हाताला नदीपर्यंत ऊस, केळी, हिरवेगार रान. डाव्या हाताला जिराईत माळ. पाणी चढ चढत नाही, त्यामुळे कालव्याच्या वरचे गाव कोरडे आणि खालचे बागाईत. पंधरा हात रुंदीच्या वाटेने एकाच गावाची दोन नशिबे वेगळी केली आहेत. खालच्या अंगाला साखर कारखाने उभे राहिले, आणि वरच्या अंगाची माणसे त्यांच्या उसात मजुरीला उतरली. हा धडा सायकलीवरून अर्ध्या तासात शिकता येतो.

योगायोग पाहा. कालव्याचे पाणी येथे आले त्याच सुमारास, १८८५ साली, इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे स्टार्ली याने आजच्या घडणीची सायकल बनविली, आणि १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर दिला. आरंभी ती साहेबाची चैन होती. वरळीस १९३९ मध्ये हिंद सायकलचा कारखाना निघाला, स्वातंत्र्यानंतर आणखी कारखाने झाले, आणि सायकल गिरणीच्या फाटकापासून उसाच्या फडापर्यंत पोहोचली. त्या कारखान्यांपैकी अॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, बंद झाला. सायकल पुन्हा श्रीमंतांच्या हौसेची वस्तू होत असताना ती घडविणारा कामगार घरी बसला!

रस्त्याचा दुसरा थर १९७२ च्या दुष्काळाचा. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. आपल्यातल्या पुष्कळांच्या आयांनी तेव्हा खडी फोडली आहे. पाझर तलाव, बांध, गावरस्ते यांचा मोठा भाग त्या वर्षांतला. पण एक फरक पडला होता. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. अर्ध्या शेराच्या संपाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. जे काम दयेने मिळत होते ते मागण्याचा हक्क मिळाला. एवढे अंतर कापावयास या वाटेला शतक लागले.

आता द्राक्षांकडे वळू. पाटसहून बारामतीकडे येताना रोटीचा घाट लागतो. तुकोबांची पालखी वरवंडहून निघून याच घाटाने उंडवडी गवळ्याची येथे येते; पुढे बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीला नीरा ओलांडते. हा सोहळा तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केला. त्याच रोटीच्या माळावर या शतकाच्या पहिल्या दशकात वाइनचा कारखाना आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. नीरेपलीकडे अकलूजच्या बाजूलाही इटालियन भागीदारांच्या साहाय्याने वाइनच्या द्राक्षांची लागवड झाली. मुरमाड उतार, पाण्याचा निचरा, कोरडी हवा. ज्या गुणांमुळे हा माळ शतकानुशतके दरिद्री होता त्याच गुणांना आता मोल आले आहे. मला याचा विषाद नाही. मी एवढेच विचारतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी करणाऱ्या टोळीला मोल किती आले? अंगावर काम घेणाऱ्या या मजुराला ना हजेरीपट, ना भविष्यनिर्वाह निधी.

इटलीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. टस्कनीत किआंती नावाचा द्राक्षाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे शतकानुशतके अर्धेलीची पद्धत होती; कुळाने कसावे आणि निम्मे धन्याला द्यावे. त्या कुळांच्या गाड्यांसाठी पांढऱ्या मुरमाच्या वाटा झाल्या. १९६४ साली नव्या अर्धेलीला कायद्याने बंदी झाली. त्याच्या मागेपुढे माणसे गिरण्यांकडे निघून गेली, घरे ओस पडली, वाटांवर डांबर येऊ लागले. तेव्हा १९९७ साली गायोले गावी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली, ती या पांढऱ्या वाटा वाचाव्यात म्हणून. आज ती जगप्रसिद्ध आहे आणि वाटा टिकल्या आहेत. पण ज्या कुळांनी त्या केल्या त्यांची घरे आता पाहुण्यांच्या उतरण्याच्या जागा झाल्या आहेत. वाट वाचली, वाट करणारा हरवला.

आपल्याला दोन्ही वाचविता येतील, कारण आपली माणसे अजून याच शिवारांत आहेत. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. कालव्याच्या काठची आणि पाणंदीची वाट कोणाच्याही कुंपणात जाऊ न देता सार्वजनिक ठेवावी, आणि तिची मुरमाची डागडुजी रोजगार हमीच्या पुऱ्या मजुरीने गावच्याच हातांकडून व्हावी. सुपे, शिर्सुफळ, भादलवाडी येथे देवळांच्या पाट्यांबरोबर १८७५ च्या आणि १८७७ च्या लोकांचीही पाटी लागावी. आणि जो पाहुणा बागेत येऊन प्याला उचलील त्याच्या पैशातला वाजवी वाटा छाटणीच्या कात्रीपर्यंत पोहोचावा. तो आपोआप पोहोचत नाही, संघटनेने पोहोचवावा लागतो.

उद्या ज्याला सवड असेल त्याने सायकल काढावी आणि कालव्याने सणसरपर्यंत जाऊन यावे. वाटेत खुरपणीला निघालेल्या बाया भेटतील. घंटी वाजवून त्यांना बाजूला सारण्याऐवजी आपणच पाय टेकावा आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे. वाट मुळात त्यांची आहे.