शिवेपासून शिवेपर्यंत : जालना परिसरातील वेठ आणि रसद

मोबदला न देता सक्तीने करून घेतलेल्या कामाला मराठीत वेठ किंवा बिगार म्हणतात, आणि दौऱ्यावर आलेल्या हाकिमाला, लष्कराला किंवा जहागीरदाराच्या माणसांना गावाने पुरवायच्या धान्य, दूध, गवत, सरपण अशा जिनसांना रसद म्हणतात. आजच्या जालना जिल्ह्याच्या प्रदेशात या दोन्ही गोष्टी कित्येक शतके चालू राहिल्या, राज्ये बदलली तरी चालू राहिल्या, आणि शेतसाऱ्यापेक्षा त्यांचा जाच लोकांना अधिक वाटला, याचे कारण सारा निदान ठरलेला असे, दप्तरात लिहिलेला असे आणि त्याची पावती मागता येत असे; वेठीला मात्र ना आकडा होता, ना मुदत, ना पावती. सत्ताधाऱ्याच्या सोयीसाठी सामान्य रयतेने सोसलेला हा भार महसुलाच्या इतिहासात सहसा दिसत नाही, कारण तो इतिहास ज्या कागदांवरून लिहिला जातो ते कागद वेठ घेणाऱ्यांनीच लिहिलेले आहेत.

या प्रथेचा सर्वांत जुना पुरावा आपल्याला उलट्या बाजूने मिळतो. वेठ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’ या शब्दापासून आला आहे, आणि वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म येथून राज्य करणाऱ्या वाकाटक शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीने चौथ्या शतकात दिलेल्या ताम्रपटात नांदेडच्या बाजूचे एक गाव ब्राह्मणांना दान देताना त्या गावाला कोणकोणत्या गोष्टींतून सूट मिळाली याची मोठी यादी आली आहे. वाकाटकांच्या इतर दानपत्रांतही अशाच सवलती वारंवार येतात. त्यांचा मथितार्थ असा की दान दिलेल्या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत, तेथून गवत, बसण्यासाठी कातडी आणि कोळसा मागितला जाणार नाही, फुले आणि दूध घेतले जाणार नाही, गाडीला जुंपायला आळीपाळीने बैल द्यावे लागणार नाहीत आणि गावाला सर्व प्रकारच्या विष्टीतून मोकळीक राहील. सूट द्यावी लागली याचाच अर्थ ज्या गावांना दानपत्र मिळाले नाही त्यांच्यावर हे सारे लागू होते. एका गावाची माफी ही शेजारच्या दहा गावांच्या सक्तीची नोंद असते, आणि मराठवाड्याच्या वेठीचा अभ्यास करताना हे सूत्र पुढच्या पंधराशे वर्षांसाठी उपयोगी पडते. मराठा काळातल्या इनाम सनदांमध्येही वेठबिगार माफ केल्याचे कलम येते आणि तिथेही ते याच रीतीने वाचावे लागते.

जालना परिसर हा मध्ययुगापासून जहागिरींचा मुलूख होता. जहागीर म्हणजे एखाद्या सरदाराला किंवा अधिकाऱ्याला त्याच्या चाकरीबद्दल एखाद्या प्रदेशाचा महसूल तोडून देणे. अकबराच्या काळात जालना त्याच्या एका सरदाराकडे होते आणि अबुल फजलने काही काळ तेथे मुक्काम केला होता, असे गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. पूर्णा आणि केळणा यांच्या संगमावरच्या जाफराबादला ज्याच्यावरून नाव मिळाले त्या जाफरखानाकडे त्या गावासह ११६ गावांची जहागीर असल्याचेही तिथेच सांगितले आहे. अंबडचा परगणा पुढे होळकरांकडे आला आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहाने त्यांच्या हातून गेला. कागदावर या सर्व उलाढाली एका नावाच्या जागी दुसरे नाव लिहिण्याच्या आहेत, परंतु गावाच्या दृष्टीने प्रत्येक नव्या धन्याबरोबर नवे कारकून, नवे शिपाई, नवे घोडे आणि नव्या मागण्या येत असत, तर जुन्या मागण्या प्रथा म्हणून कायम राहत.

लष्करांच्या वाटेवर असणे हे या प्रदेशाचे दुसरे दुर्दैव होते. सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जालन्याचा किल्ला घेतला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला भोकरदनच्या पूर्वेस असई येथे आर्थर वेलस्लीची शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी मोठी लढाई झाली. या लढाईचे नकाशे, तोफांची संख्या आणि दोन्हीकडचे मृत यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण हजारो माणसे आणि त्याहून अधिक जनावरे केळणा आणि जुई यांच्या खोऱ्यात दिवसेंदिवस तळ देऊन राहिली तेव्हा तेथील कडबा, उभी पिके आणि विहिरींचे पाणी यांचे काय झाले असेल याकडे फारसे कोणी पाहिले नाही. फौजेने रयतेला काडीचाही आजार देऊ नये ही शिकवण महाराष्ट्राला शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणच्या लष्कराला पाठवलेल्या पत्रामुळे परिचित आहे. ते पत्र इतके लक्षात राहिले, कारण फौजांची नेहमीची रीत त्याच्या नेमकी उलट होती.

१८२७ मध्ये जालन्याला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी वसली आणि १९०३ पर्यंत ती टिकली. छावणीमुळे जालन्याचा व्यापार वाढला हे खरे आहे, परंतु औरंगाबादकडून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुकड्या, तंबू आणि साहेबांची कुटुंबे यांची ये-जा कायमची झाली आणि रस्त्यालगतच्या गावांना तिचा भार उचलावा लागला.

हा प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. निजामाचा दिवाण सालारजंग याने १८६५ मध्ये केलेल्या जिलाबंदीनंतर, म्हणजे जिल्ह्यांच्या आखणीनंतर, या राज्यात आधुनिक पद्धतीचे जिल्हे तयार झाले. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाधिकारी. त्याच्याखाली तहसीलदार, त्याच्याखाली मंडळावर गिरदावर. आणि गावात वंशपरंपरेने काम करणारे तिघे, म्हणजे पोलीस पाटील, महसूल पाहणारा माली पाटील (माल म्हणजे महसूल) आणि लिहिणारा पटवारी. जालना, अंबड आणि भोकरदन हे तालुके त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात होते, तर परतूर परभणी जिल्ह्यात होता. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. नव्या व्यवस्थेत सारा रोखीने आणि मोजणीनुसार घ्यायचा असल्याने रयतेची जुन्या जाचातून सुटका व्हावी अशी अपेक्षा होती, आणि साऱ्यापुरती ती काही अंशी पुरीही झाली. पण नव्या अधिकाऱ्यांना दरवर्षी मुलखात फिरून पिकांची, दप्तराची आणि शिवारांची तपासणी करावी लागे. या फिरतीला दौरा म्हणत, आणि वेठीला या दौऱ्याने नवे बळ दिले.

दौरा निघण्याची वर्दी आली की पोलीस पाटील चावडीवर येसकराला बोलावी. येसकर म्हणजे गावाच्या वेशीवर पाळत ठेवणारा, पाळीने नेमलेला महार; त्याच्या हातातली घुंगरांची काठी ही त्याच्या कामाची खूण. तो महारवाड्यात आणि मांगवाड्यात फिरून माणसे सांगे. कुंभाराने रांजण आणि घागरी आणून पाणी भरायचे, कुणब्याने गवताच्या पेंढ्या आणि कडबा टाकायचा, ज्याच्या दारात दुभती म्हैस असेल त्याने दूध द्यायचे, कोणाच्या घरून बाज, कोणाच्या घरून कोंबडी, कोणाच्या गोठ्यातून बैलगाडी. आणि राहुटीच्या मेखा ठोकण्यापासून घोड्याला खरारा करण्यापर्यंतची उरलेली सगळी कामे महार-मांगांनी करायची. मुक्काम हलला की सामान डोक्यावर घेऊन त्यांनी पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचे. तिथे पुढच्या गावची माणसे उभी असली तर ओझे एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाई; ती आलेली नसली तर दिवस मावळला तरी ओझ्यापाशी थांबावे लागे, किंवा त्यांची शिव ओलांडून आणखी एक मजल मारावी लागे. परतताना खांद्यावर नुसते घोंगडे, हातात काही नाही, आणि ज्या दिवशी हे घडे तो दिवस बहुधा सुगीचा असे, कारण दौऱ्याचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होई आणि ज्वारीची काढणी-खळी त्याच महिन्यांत येत. दुसऱ्याच्या शेतात मजुरीवर जगणाऱ्या घराच्या दृष्टीने सुगीतला एक दिवस बुडणे म्हणजे उन्हाळ्यातल्या काही भाकरी आताच गमावणे होते.

महारांच्या या कामाला महारकी म्हणत आणि तिच्या बदल्यात त्यांना हाडोळा ही इनाम जमीन आणि बलुते मिळते, असे समर्थन नेहमी केले जाई. हे समर्थन टिकणारे नाही. हाडोळ्याचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांत लहान होत गेले आणि वेठ मात्र वाढतच गेली. शिवाय मोबदला आधीच दिलेला आहे असे एकदा म्हटले की किती काम घ्यायचे याला मर्यादा राहत नाही. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच मुद्द्यावर, आणि वतनाच्या जमिनीने महाराला गावाशी जखडून ठेवले आहे हे त्यांनी तिथे सांगितले. निजामाच्या मुलखात मात्र असे विधिमंडळही नव्हते.

रसदीचा पैसा द्यावा आणि फुकट वेठ घेऊ नये अशा आशयाचे हुकूम निजाम सरकारने वेळोवेळी काढले, परंतु त्यांची अंमलबजावणी ज्यांच्याकडे होती तेच रसदीचे धनी होते. पैसे दिले गेलेच तर ते पाटील-पटवाऱ्यांच्या हातापर्यंत येत आणि पुढे कुठे जात हे विचारण्याची सोय नसे, कारण विचारणाऱ्याचा सारा, त्याच्या शेताची हद्द आणि त्याच्या मुलाची वारसनोंद ही सर्व त्याच पटवाऱ्याच्या लेखणीत होती. वरच्या बाजूलाही हीच साखळी होती. निजामाच्या भेटीला जाणाऱ्याने सोन्याची अशर्फी आणि चांदीचे रुपये नजर म्हणून ठेवायचे, आणि सातव्या निजामाच्या काळात ही नजर दरबारापुरती न राहता एक वसुलीच होऊन बसली. वर दिलेले खालून भरून काढण्याची रीत अशा राज्यात आपोआप येते, आणि साखळीचे शेवटचे टोक ज्याच्या गळ्यात असते त्याच्याखाली कोणी उरलेला नसतो.

खालसा, म्हणजे थेट सरकारी अंमलातील गावांची ही स्थिती होती. जहागिरीतील गावांची याहून वाईट होती. हैदराबाद राज्याचा जवळपास तिसरा हिस्सा, सहा हजारांहून अधिक गावे, जहागिरींत होता आणि सुमारे दहावा हिस्सा सर्फेखास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता, होता. जालन्याच्या उत्तरेला लागून असलेला अजिंठा सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होता. मोठ्या जहागिरींना स्वतःचे पोलीस आणि स्वतःची न्यायालये होती, अनेक ठिकाणी सरकारी मोजणी पोहोचलीच नव्हती, आणि सारा खालशापेक्षा जड असून वर लग्नकार्याच्या आणि सणांच्या पट्ट्या असत. खालशातला माणूस निदान तालुकदाराकडे अर्ज करू शके. जहागिरीत ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याचपुढे ती न्यावी लागे.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने हा प्रदेश होरपळून निघाला. औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख २८ हजार होती ती १९०१ मध्ये सुमारे ७ लाख २१ हजारांवर आली. याच सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली आणि मुख्य रस्त्यावरची ओझ्यांची वर्दळ कमी झाली असली पाहिजे. पण भोकरदन, जाफराबाद, मंठा यांच्या आतल्या गावांना रेल्वेचा उपयोग नव्हता आणि तिथे दौरे पूर्वीप्रमाणे बैलगाड्यांवर आणि माणसांच्या डोक्यांवरच चालत राहिले.

वेठीला उघड विरोध संघटितपणे सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. १९३६ मध्ये निजाम सरकारने भगेला करारांविषयीचा कायदा केला. भगेला म्हणजे कर्जाच्या फेडीसाठी सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे राबणारा गडी. हा कायदा खासगी कर्जाच्या गुलामीपुरता होता, सरकारी माणसांच्या वेठीला त्याने हात लावला नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेला डॉ. आंबेडकर आले, आणि औरंगाबाद जिल्ह्यातल्या अस्पृश्य समाजाने आपला जाच निजामाच्या हद्दीत जाहीरपणे मांडला, ही गोष्ट त्या काळच्या हैदराबादेत साधी नव्हती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची सक्तीची लेव्ही आली आणि कुणब्यालाही वेठीची चव कळली: मोठ्या जमीनदाराची कोठारे ओळखीने सुटत आणि लहान शेतकऱ्याच्या बी-बियाण्याची कणगी मोजली जाई. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला मराठवाड्याच्या खेड्यांत जो पाठिंबा मिळाला त्यात या लेव्हीच्या संतापाचा मोठा वाटा होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्या, निजामी राजवट संपली, आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द करण्याचा कायदा लागू झाला. सर्फेखासही सरकारी मुलखात विलीन झाली. हे पाऊल मोठे होते आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तरीही हिशेब कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. निजामाला वर्षाला ५० लाख रुपये तनखा, सर्फेखासच्या उत्पन्नाबद्दल २५ लाख आणि राजवाड्यांच्या देखभालीसाठी २५ लाख असे एकूण १ कोटी रुपये ठरले. जहागीरदारांच्या भरपाईसाठी वेगळा कायदा होऊन, दप्तरात ज्या जहागिरीचे जेवढे उत्पन्न लिहिलेले होते त्या आधारावर तिची रक्कम काढण्यात आली. त्याच सुमारास, २६ जानेवारी १९५० रोजी, वेठबिगारीला मनाई करणारे संविधानाचे २३ वे कलम अमलात आले. ज्यांनी शिवेपासून शिवेपर्यंत ओझी वाहिली होती त्यांच्या दिवसांची नोंद कोणत्याच दप्तरात नव्हती, त्यामुळे भरपाईच्या कोणत्याही तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.