जैविक क्षेत्र-सर्वेक्षणाचे नियोजन आणि खानदेशातील रानपिंगळ्याचा शोध : एक ऐतिहासिक अभ्यास (१८७२ ते १९९७)

गोषवारा

वन्यजीव संवर्धनाचा कोणताही निर्णय क्षेत्र-सर्वेक्षणाच्या नोंदींवर आधारलेला असतो. या नोंदी कोणी, कोठे, केव्हा आणि कोणत्या हेतूने केल्या याचा विचार मात्र इतिहासाच्या अंगाने क्वचितच होतो. प्रस्तुत निबंधात रानपिंगळा या पक्ष्याचा शोध, त्याचे एकशे तेरा वर्षांचे ‘नाहीसे होणे’ आणि १९९७ मधील पुनर्शोध या घटनाक्रमाच्या आधारे सर्वेक्षणाच्या नियोजनातील गृहीतकांची चिकित्सा केली आहे. साधनचिकित्सा ही इतिहासकाराची पद्धती निसर्गविज्ञानालाही तितकीच आवश्यक आहे, हे या अभ्यासाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

‘अमुक पक्षी या प्रदेशात आढळत नाही’ हे विधान वरकरणी साधे वाटते. त्याचे दोन भिन्न अर्थ संभवतात. तो पक्षी तेथे खरोखरच नाही, हा पहिला अर्थ होय. ज्यांनी शोधला त्यांना तो दिसला नाही, हा दुसरा अर्थ होय. या दोन अर्थांतील अंतर किती आहे, हे सर्वेक्षणाचे नियोजन कसे झाले यावरून ठरते. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी अथवा चुकीच्या पद्धतीने घेतलेला शोध कितीही परिश्रमपूर्वक केला, तरी त्याचे उत्तर विश्वसनीय ठरत नाही. संवर्धनाच्या क्षेत्रात या चुकीची किंमत मोठी असते. जी जाती नामशेष झाली असे मानले जाते, तिच्या अधिवासाच्या रक्षणाची मागणी कोणी करीत नाही.

रानपिंगळा अथवा वनपिंगळा हा साधारण साळुंकीएवढ्या आकाराचा लहान घुबडवर्गीय पक्षी आहे. गावोगावी परिचित असलेल्या ठिपकेदार पिंगळ्याशी त्याचे साम्य असल्याने दोहोंत गल्लत होऊ शकते. तथापि रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके नसतात, छातीचा वरचा भाग गडद तपकिरी असतो आणि पाय व नख्या अधिक दणकट असतात. हा पक्षी केवळ मध्य भारतातच आढळतो. त्याच्या इतिहासाचा मोठा भाग खानदेशाशी निगडित असल्याने महाराष्ट्रातील अभ्यासकांसाठी तो विशेष महत्त्वाचा आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

रानपिंगळ्याच्या नोंदींचा कालक्रम तपासणे, त्याचा शोध दीर्घकाळ का अयशस्वी ठरला याची कारणमीमांसा करणे आणि त्यावरून सर्वेक्षण-नियोजनाची तत्त्वे मांडणे ही या निबंधाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी प्रकाशित साधनांवर आधारलेली आहे.

नमुना-संग्रहाचा कालखंड

एकोणिसाव्या शतकातील पक्षी-अभ्यास प्रामुख्याने नमुने गोळा करण्यावर उभा होता. पक्षी मारून त्याची कातडी टिकवायची आणि तिला स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधायची, अशी रीत होती. हे काम बहुतांशी ब्रिटिश प्रशासनातील अधिकारी फावल्या वेळात करीत. त्यामुळे सर्वेक्षणाचा नकाशा हा बव्हंशी बदल्या आणि दौऱ्यांचा नकाशा होता. जेथे हौशी अधिकारी नेमला गेला तेथील पक्षी नोंदले गेले. इतर प्रदेश कोरे राहिले.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरात मिळवला. पुढे भारतीय राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ख्यात झालेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्लेविट यांचे नाव दिले. १८७७ मध्ये भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना दुसरा नमुना आजच्या ओडिशातील खरियार येथे मिळाला. त्यानंतर खानदेशात सेवेत असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शहादा व तळोदा भागातून अनेक नमुने जमवले. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्यांची यादी १८८२ मध्ये ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीलायक नोंद मिळत नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते.

सस्तन प्राणी सर्वेक्षण : हेतू आणि मर्यादा

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारतीय सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. ते १९२३ पर्यंत चालले. व्यक्तिगत छंदाकडून संस्थात्मक नियोजनाकडे झालेले हे महत्त्वाचे संक्रमण होय. येथे पगारी संग्राहक नेमले गेले, प्रदेशांचा क्रम ठरवला गेला आणि प्रत्येक प्रदेशाचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाला. या मालिकेतील पहिला अहवाल खानदेशाचा आहे. सी. ए. क्रम्प या संग्राहकाने येथूनच कामास आरंभ केला.

म्हणजे ज्या प्रदेशातून रानपिंगळ्याचे बहुसंख्य नमुने आले होते, त्याच प्रदेशात डेव्हिडसन यांच्यानंतर तीन दशकांच्या आत एक पद्धतशीर सर्वेक्षण झाले. परंतु त्याचा प्रश्न सस्तन प्राण्यांपुरता मर्यादित होता. यात सर्वेक्षणाचा दोष नाही. सर्वेक्षण त्यास विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, एवढे यातून ध्यानात घ्यावयाचे. खानदेशाचे सर्वेक्षण झाले आहे, एवढ्यावरून तेथील सर्व जीवसृष्टी ज्ञात झाली असे मानणे सयुक्तिक ठरत नाही. आजही जिल्ह्याच्या पर्यावरणविषयक अहवालांत अशी गल्लत दिसून येते.

पक्ष्यांच्या बाबतीत डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये केलेले हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण हा पुढचा टप्पा होय. नमुन्यांइतकेच जिवंत पक्ष्यांच्या सवयी, अधिवास आणि विणीच्या हंगामाच्या निरीक्षणाला महत्त्व देणारी दृष्टी त्यांच्या कार्यातून भारतात रुजली. रानपिंगळ्याबाबत मात्र असे निरीक्षण करण्यासाठी पक्षीच समोर नव्हता.

मांडवीची चिठ्ठी

१८८४ नंतरची म्हणून एक नोंद दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. ब्रिटिश सैन्यातील कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन (१८७८-१९६७) यांच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे वर्ष आणि तापीकाठचे मांडवी हे गुजरातमधील स्थळ नमूद होते. ही सर्वांत अलीकडची नोंद असल्याने पक्षी शोधू पाहणाऱ्यांचे लक्ष तिकडे जाणे स्वाभाविक होते. तेथील शोध निष्फळ ठरले. सालिम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्यासारख्या अधिकारी व्यक्तींच्या प्रयत्नांनाही यश आले नाही. परिणामी हा पक्षी बहुधा नामशेष झाला असावा, असा समज दृढ होत गेला.

माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहाविषयी काही तज्ज्ञांना पूर्वीपासून शंका होती. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्यातील काही नमुन्यांची तपासणी करून फसवणुकीचे पुरावे मांडले. दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या निमित्ताने नमुन्यांचा अभ्यास करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी रानपिंगळ्याचा नमुना नव्याने तपासला. कातडी भरण्याची व शिवण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतःची हातोटी असते. या नमुन्याची क्ष-किरण तपासणी व अंतर्गत रचना पाहता तो मूळचा डेव्हिडसन यांनी तयार केलेला असून पुढे नव्याने भरला व शिवला गेल्याचे दिसून आले. ब्रिटिश संग्रहालयातील डेव्हिडसन यांचा नमुना उचलून त्यास खोटी चिठ्ठी बांधली गेली होती. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी याविषयीचा सविस्तर निबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

इतिहासाच्या अभ्यासकास ही प्रक्रिया परिचित आहे. बनावट सनद ओळखताना आपण कागद, शाई, वळण आणि शिक्का पाहतो; येथे कापूस, टाके आणि हाडे पाहिली गेली. साधनाच्या आशयावर विसंबण्यापूर्वी साधनाची सत्यता तपासावी, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. सर्वेक्षण करणाऱ्यांच्या मेहनतीत उणीव नव्हती. उणीव होती ती ज्या नोंदीवरून स्थळ ठरले तिच्या चिकित्सेत.

संग्रहालयातून क्षेत्राकडे : १९९७

मांडवीची नोंद बाद केल्यावर विश्वसनीय स्थळे मोजकीच उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी त्यांनुसार आपल्या शोधाची आखणी केली. आरंभी ते पूर्वेकडील जुन्या स्थळांकडे गेले. तेथे यश न मिळाल्याने त्यांनी खानदेशाकडे मोर्चा वळवला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. त्याची छायाचित्रे व चित्रफीत घेण्यात आली, त्यामुळे पक्षी न मारताही पुरावा उपलब्ध झाला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, हे लक्षात घेता शोधाच्या वेळी हे ठिकाण धुळे जिल्ह्यात मोडत होते. जुन्या नोंदी तपासताना प्रशासकीय सीमांतील असे बदल ध्यानी घेणे आवश्यक असते.

हा पक्षी दिवसा, उजेडात, निष्पर्ण झाडावर बसलेला दिसला. घुबड म्हणजे निशाचर, हे गृहीतक येथे लागू पडले नाही. रानपिंगळा दिवसाही बऱ्याच अंशी क्रियाशील असतो, हे पुढील निरीक्षणांनी स्पष्ट झाले.

यानंतर फराह इश्तियाक व डॉ. असद रहमानी यांनी महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील वनांत पद्धतशीर सर्वेक्षण केले. तळोदा, तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खकनार येथे हा पक्षी आढळला. त्याचे आवाज नोंदवले गेल्यावर ध्वनिमुद्रित साद ऐकवून प्रतिसाद टिपणेही शक्य झाले. पुढे २०१४ मध्ये ठाणे-पालघर परिसरातील तानसा अभयारण्यात आणि त्यानंतर गुजरातमधील पूर्णा अभयारण्यात त्याच्या नोंदी झाल्या. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ अशी करण्यात आली. पक्ष्यांची संख्या एकाएकी वाढली, असा याचा अर्थ नव्हे. आपले अज्ञान काही अंशी कमी झाले, हा त्याचा अधिक रास्त अर्थ होय.

विलंबाची किंमत

१९९० च्या दशकात तळोदा परिसरातील राखीव वनाचा काही भाग सरदार सरोवर प्रकल्पाच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी वळता करण्यात आला. ज्यांची गावे पाण्याखाली जाणार होती त्या आदिवासी कुटुंबांच्या जमिनीच्या हक्काविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि हा निर्णय झाला तेव्हा त्या परिसरात जगातील एका अतिदुर्मीळ पक्ष्याचा अधिवास आहे, ही माहिती कोणाच्याही समोर नव्हती. ती असती तर कोणती जमीन द्यावी आणि कोणती राखावी, यावर निदान चर्चा झाली असती. पुनर्वसन आणि संवर्धन या दोहोंचाही विचार माहितीच्या अभावी अपुरा राहिला. सर्वेक्षणातील चूक केवळ ग्रंथालयापुरती राहत नाही, ती जमिनीवर उतरते.

तुलनात्मक विचार

आंध्र प्रदेशातील जेर्डनचा धाविक या पक्ष्याचा इतिहास याला समांतर आहे. १९०० नंतर त्याची नोंद नव्हती आणि नंतरचे शोध अयशस्वी ठरले होते. १९८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण यांना तो कडप्पा जिल्ह्यात आढळला, तोही स्थानिक पारध्याच्या साहाय्याने व रात्रीच्या वेळी. रानपिंगळ्याच्या बाबतीत स्थळ चुकले होते. येथे प्रामुख्याने वेळ चुकली होती. स्थानिकांचे ज्ञान विचारात घेतले गेले तेव्हाच वाट सापडली.

वाघांच्या गणनेत पद्धतीचा प्रश्न पुढे आला. १९७२ मध्ये पाऊलखुणांच्या आधारे देशात १८२७ वाघ असल्याचे नोंदवले गेले. या पद्धतीवर डॉ. उल्हास कारंत यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाल्यावर कागदावरील संख्या आणि वस्तुस्थिती यांतील तफावत नाकारणे अशक्य झाले. त्यानंतर स्वयंचलित कॅमेरे व सांख्यिकीय अनुमान यांवर आधारलेली पद्धत अवलंबिली गेली आणि २००६ च्या गणनेत १४११ हा अंदाज मांडला गेला. १८२७ आणि १४११ हे आकडे भिन्न पद्धतींचे असल्याने त्यांची थेट वजाबाकी करणे शास्त्रशुद्ध नव्हे, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

१. सर्वेक्षणाच्या आरंभी प्रश्न निश्चित करावा. अहवालात कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधले नाही, हेही लिहावे.

२. स्थळनिवडीसाठी वापरलेल्या जुन्या नोंदींची साधनचिकित्सा करावी. सर्वांत अलीकडची नोंद ही सर्वांत विश्वसनीय असेलच असे नाही.

३. ऋतू, दिवसाची वेळ, चाललेले अंतर आणि खर्ची पडलेले तास यांची नोंद ठेवावी. ‘आढळले नाही’ या निष्कर्षाला त्याशिवाय अर्थ प्राप्त होत नाही.

४. भिल्ल, पावरा, कोरकू यांसारख्या वननिवासी समाजांच्या ज्ञानाची दखल नावानिशी व श्रेयासह घ्यावी.

५. एकाच स्थळी पुनःपुन्हा सर्वेक्षण व्हावे आणि मूळ नोंदवह्या जतन व्हाव्यात.

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करण्याची तरतूद आहे. या कामात महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभाग सहभागी होऊ शकतात. इतिहास विभागाने त्यापासून दूर राहण्याचे कारण नाही. १८८० चे खानदेश गॅझेटियर, वनखात्याचे जुने कागद आणि वृद्धांच्या मौखिक आठवणी तपासण्याचे प्रशिक्षण आपल्याकडेच आहे. शहाद्याजवळचा पक्षी १९९७ मध्ये दिसला तो दुर्बिणीतून. पण त्याकडे नेणारी वाट डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्या नीट वाचल्यामुळे सापडली होती.