मुसीचा पूर आणि २२१ फुटके तलाव

हैदराबादेत १९०८ च्या पुराचा विषय निघाला की अफझलगंजच्या दवाखान्यातलं चिंचेचं झाड आठवतंच. त्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. २८ सप्टेंबरच्या त्या पुरात सुमारे पंधरा हजार माणसं दगावली, असं मानतात. मला मात्र झाडापेक्षा एक आकडा जास्त छळतो : २२१.

१९०९ मध्ये निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेला, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारा हा माणूस. त्यांनी मांडलेला हिशेब असा : मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव, त्यांतले २२१ फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, मग तोही गेला. म्हणजे शहरावर नुसता पाऊस नाही, साठवलेलं पाणीही आलं.

त्यांच्या सल्ल्यातून शहराच्या वर उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले. तिथे आपण सहलीला जातो, पण तलावांची साखळी विसरलो. सांडव्याच्या वाटेवर वस्त्या झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये जुन्या शहराच्या बाजूला पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू फुटले, आणि पाणी थेट घरांत घुसलं.

एक कबुली देतो. नोकरीत असताना मीही नाल्याची रुंदी काढली ती फक्त वस्तीवरच्या पावसावरून. वरच्या तलावाचा सांडवा हिशेबात धरलाच नाही. नाले रुंद करा, जरूर करा. पण आधी वर काय साठलंय ते बघा. विश्वेश्वरय्यांनी सुरुवात तिथूनच केली होती.