बल्खचा नवविहार आणि अब्बासी खिलाफत

बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इस्लामी आक्रमणांना महत्त्वाचे कारण मानले आणि त्या संदर्भात बॅक्ट्रियाचाही उल्लेख केला. बॅक्ट्रिया म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बल्खचा प्रदेश. तेथील विहार लयास गेले, हे खरेच; परंतु त्याच भूमीतील एका विहाराचे धागे बगदादच्या अब्बासी खिलाफतीच्या उत्कर्षाशी जुळलेले आहेत. ही बाजूही अभ्यासकांनी लक्षात घ्यावी, असे आम्हांस वाटते.

सातव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्युएन त्संग बल्खला आला, तेव्हा तेथे सुमारे १०० संघाराम व ३,००० भिक्खू असल्याचे त्याने नोंदविले. नवविहार त्यांत अग्रगण्य होता. त्याच्या अधिपतीस अरबी ग्रंथकार ‘बरमक’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘प्रमुख’, पालि ‘पमुख’ याचे रूप असावा, असे विद्वानांचे मत आहे. अरब स्वाऱ्यांनंतर या घराण्याने इस्लामचा स्वीकार केला.

उमय्या राजवटीत अरबेतर मुसलमानांना दुय्यम लेखले जाई. त्या असंतोषातून इ.स. ७४७ मध्ये खुरासानात उठाव झाला आणि ७५० मध्ये अब्बासी सत्तेवर आले. बरमकाचा पुत्र खालिद या चळवळीत होता. खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसविले. ७८६ मध्ये हारून अल्-रशीद खलिफा झाला व खालिदचा पुत्र याह्या त्याचा वजीर बनला.

याह्याच्या आज्ञेने सुश्रुतसंहितेचे अरबी भाषांतर झाले. भारतातील औषधी वनस्पती आणण्यासाठी व येथील धर्मांची माहिती लिहून घेण्यासाठी त्याने माणूस पाठविल्याचे दहाव्या शतकातील इब्न अल्-नदीम सांगतो. बुद्धचरित्रावर आधारलेली ‘बिलौहर व यूदासफ’ ही कथाही अरबीत आली. यूदासफ म्हणजे बोधिसत्त्वच! पुढे ही कथा युरोपात पोहोचली व तेथे हाच बोधिसत्त्व ‘जोसाफत’ नावाने ख्रिस्ती संत ठरला.

८०३ मध्ये हारूनने याह्याचा पुत्र जाफर याचा शिरच्छेद करविला व याह्याला कैदेत टाकले. एका घराण्याच्या पतनाने साम्राज्य बुडाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु हारूनच्या पश्चात ८११ ते ८१३ या काळात त्याच्या दोन पुत्रांत यादवी झाली. पुढील खलिफांनी तुर्की गुलाम सैनिकांवर भिस्त ठेवली आणि ८६१ मध्ये त्याच सैनिकांनी खलिफा मुतवक्किलचा वध केला. प्रांत एकेक करून स्वतंत्र झाले. ९४५ मध्ये बुवैही सरदारांनी बगदाद घेतले. खलिफा नाममात्र उरला. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केले, ते आतून केव्हाच पोकळ झालेल्या सत्तेचे केंद्र होते.

‘सर्व अनित्य आहे’ एवढे म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला थांबता येत नाही. पटिच्चसमुप्पादाची दृष्टी प्रत्येक घटनेमागील प्रत्यय शोधावयास सांगते. त्या दृष्टीने पाहिले असता, ज्या धर्माच्या अनुयायांच्या हातून बल्खचे विहार लोपले, त्याच धर्माच्या राजधानीत बोधिसत्त्वाची कथा जतन झाली, ही दोन्ही सत्ये एकत्र मांडावी लागतात. त्यांतील एकच सांगणे हे अर्धसत्य होय.